एकाच भट्टीतल्या दोन तोफा : पिट्सबर्ग, १८४९ ते १८५१

पिट्सबर्गच्या फोर्ट पिट ओतशाळेत १८४९ साली आठ इंची, म्हणजे नळीचा व्यास आठ इंच असलेल्या, दोन तोफा ओतल्या गेल्या. भट्टीतला रस एकच, तोफेचा आराखडा एकच. एक तोफ नेहमीच्या रीतीने भरीव ओतली आणि बाहेरून आत अशी निवू दिली. दुसरी मधोमध पोकळ ठेवून ओतली आणि त्या पोकळीतून थंड पाणी खेळवून आतून बाहेर अशी निववली. मग दोन्ही तोफा सारख्याच भाराने फुटेपर्यंत डागल्या. भरीव ओतलेली ८५व्या बाराला फुटली, पोकळ ओतलेली २५१व्या बाराला.

तोफा ओतण्याच्या इतिहासात मोठमोठ्या तोफांची वर्णने भरपूर सापडतात: वजन किती, लांबी किती, कोणत्या वेढ्यात कामी आली. इतकी स्वच्छ चाचणी मात्र फार थोड्या ठिकाणी दिसते. सगळे सारखे ठेवायचे, एकच गोष्ट बदलायची आणि तोफेलाच उत्तर द्यायला लावायचे. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखे आहे. मोठी तोफ टिकते की फुटते हे ठरवण्यात धातू कोणता आणि किती यापेक्षा तो कोणत्या क्रमाने निवला याचा वाटा केवढा मोठा आहे, ते इथे पहिल्यांदा आकड्यांत दिसले.

मोठ्या तोफांची गरज आणि भीती

१८४०च्या दशकात अमेरिकेचे लष्कर आणि नौदल दोघांनाही मोठ्या तोफा हव्या होत्या. फ्रान्सचे तोफखाना अधिकारी पेक्सां यांनी १८२०च्या दशकातच दाखवून दिले होते, की स्फोटक गोळा सरळ रेषेत मारणारी रुंद तोंडाची तोफ लाकडी जहाजाची वाट लावते. त्यात वाफेची जहाजे आली. वाऱ्याची वाट न पाहता बंदरात घुसणारे जहाज थोड्या वेळात तटासमोरून निघून जाणार. तेवढ्या वेळात मोजकेच बार मिळणार, तेव्हा प्रत्येक बार जड हवा. अमेरिकन लष्कराने १८४४ साली किनाऱ्यावरच्या किल्ल्यांसाठी आठ आणि दहा इंची कोलंबियाड तोफांचा नवा नमुना ठरवला. आठ इंची तोफ ९,००० पौंडांच्या थोडी वर, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास. दहा इंची सुमारे सात टनांची.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला पोटोमॅक नदीवर ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेवर बारा इंची ‘पीसमेकर’ तोफ फुटली. जहाजावर राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर होते, पण त्या क्षणी ते खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. परराष्ट्रमंत्री एबल अपशर आणि नौदलमंत्री थॉमस गिल्मर जागीच गेले. त्यांच्यासह सहा जण मेले. त्यांत टायलर यांचा आर्मिस्टेड नावाचा गुलामही होता.

‘पीसमेकर’ ओतलेली नव्हती, घडीव लोखंडाची होती. घडीव लोखंड चिवट असते, फुटण्याआधी ताणते, म्हणून ते ओतीव लोखंडापेक्षा सुरक्षित असा तेव्हाचा समज. त्याच जहाजावर इंग्लंडमध्ये घडवलेली दुसरी बारा इंची तोफ होती. तिला चाचणीत तडा गेला तेव्हा अभियंता जॉन एरिक्सन यांनी पिछाडीवर तापवलेली कडी चढवून ती आवळून घेतली. ‘पीसमेकर’ बनवताना कॅप्टन रॉबर्ट स्टॉकटन यांनी कड्यांऐवजी पिछाडीची जाडी वाढवली. तोफ २७,००० पौंडांची झाली. मोजकेच बार करून ती जहाजावर चढवली गेली. अपघातानंतर फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या समितीने तुकडे तपासले. एवढा मोठा गोळा पुन्हा पुन्हा तापवून जोडताना लोखंडाची मूळची ताकद राहिली नव्हती आणि जोडही नीट बसले नव्हते, असे निघाले.

जाडी वाढवली की सुरक्षितता वाढते, या समजुतीला एवढा मोठा धक्का दुसरा बसला नसेल. तरी बहुतेकांनी धडा निराळाच घेतला: घडीव लोखंड नको, पुन्हा ओतीवच बरे. थॉमस जॅक्सन रॉडमन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने वेगळा प्रश्न धरला. १८१५ साली इंडियानात जन्मलेले रॉडमन १८४१ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडून शस्त्रास्त्र विभागात रुजू झाले होते. त्यांचा प्रश्न असा होता, की ओतीव तोफ जसजशी मोठी होते तसतशी तिच्या आकाराच्या मानाने ती कमकुवत का होत जाते?

तोफ भरीव का ओतायचे

जुन्या काळी तोफा पोकळच ओतत. मातीच्या साच्यात मधोमध लोखंडी सळईवर माती लिंपून केलेला गाभा उभा करायचा आणि भोवती काशाचा किंवा लोखंडाचा रस ओतायचा. साचा उभा असे, पिछाडी खाली, तोंड वर. म्हणजे सगळ्या रसाचा भार पिछाडीवर पडून तिथला धातू दाट होई, आणि मळी व हवेचे बुडबुडे वरच्या जादा डोक्यात जमत. ते डोके नंतर कापून टाकायचे. अडचण गाभ्याची होती. रसाच्या रेट्याने तो किंचित जरी कलला तरी नळी वाकडी, एका बाजूची भिंत पातळ. गाभ्याच्या मातीत ओल राहिली तर वाफ होऊन धातूत भोके पडत.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्विस कारागीर योहान मारित्झ यांनी तोफ भरीव ओतून मग आडव्या यंत्रावर नळी कोरण्याची रीत बसवली. तोफ फिरते, पाते स्थिर राहते, नळी सरळ निघते. मधला सच्छिद्र धातू आपोआप कोरून निघतो. फ्रान्स, हॉलंड, इंग्लंड, सगळीकडे ही रीत गेली. शंभर वर्षांत ती इतकी रुजली, की पोकळ ओतलेली तोफ म्हणजे मागासलेली तोफ असेच कोणीही म्हणाले असते.

लहान तोफांपुरते ते बरोबरही होते. सहा पौंडी किंवा बारा पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा मारणाऱ्या) तोफेची भिंत एवढी जाड नसते, की आतबाहेरच्या निवण्यात फार मोठे अंतर पडेल. आकार वाढला आणि गणित फिरले.

निवताना धातूत काय होते

ओतीव लोखंड रसापासून घट्ट होऊन थंड होईपर्यंत फुटाला सुमारे आठवा हिस्सा इंच आकसते. साचा बनवणारा प्रत्येक कारागीर नमुना तेवढा मोठा धरतो. एकसारख्या जाडीची लहान वस्तू सगळीकडून बरोबरच आकसते, म्हणून काही बिघडत नाही. सहा-सात टनांच्या भरीव दंडगोलात बाहेरचा थर साच्याच्या वाळूला टेकून आधी घट्ट होतो. आत रस अजून पातळ असतो. बाहेरचे कवच कडक होऊन बसल्यावर आतला धातू निवू लागतो आणि आकसू पाहतो, पण कवच आता दबायला तयार नसते. आतला धातू मध्याकडे ओढला जातो आणि त्याच वेळी बाहेरच्या थराला बांधलेलाही राहतो. शेवटी तोफ पूर्ण थंड होते तेव्हा नळीलगतचा धातू कायमच्या ओढीत असतो. एकही बार झालेला नसतो, तरी तोफेच्या पोटात ताण भरून राहिलेला असतो. गाभ्यात पोकळ्या राहतात त्या वेगळ्याच.

आता बार होतो. दारूच्या वायूचा दाब नळीला आतून फाकवू पाहतो. हा ताण भिंतीच्या जाडीवर सारखा वाटला जात नाही. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी हायड्रॉलिक प्रेसच्या सिलिंडरांवरून नियम मांडला होता, की ताण अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. नळीच्या व्यासाइतकी जाड भिंत धरली, तर बाहेरचा पृष्ठभाग अक्षापासून नळीच्या पृष्ठभागाच्या तिप्पट लांब पडतो. म्हणजे बाहेर नवव्या हिश्श्याइतकाच ताण. फ्रेंच गणिती लामे यांच्या अधिक काटेकोर सूत्राने हाच हिस्सा पाचवा येतो. कोणतेही सूत्र घ्या, नळीलगतचा धातू मरेपर्यंत राबतो आणि बाहेरचा जवळपास निवांत असतो. जाडी आणखी वाढवली तर ती या निवांत भागातच भरते.

भरीव ओतलेल्या मोठ्या तोफेचे दुखणे इथे उघडे पडते. जिथे बाराचा ताण सर्वांत जास्त, तिथेच निवण्याने आधीच ओढ लावून ठेवलेली. दोन्हींची बेरीज होते. तडा नळीच्या आत सुरू होतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि एका बाराला तोफ फुटते.

तेव्हा तोफेचे लोखंड पारखण्याचे काम मागासलेले मुळीच नव्हते. विल्यम वेड या माजी लष्करी अधिकाऱ्याने नमुन्याच्या पट्ट्या ताणून, वाकवून, पिळून त्यांची ताकद आणि घनता मोजणारे यंत्र उभे केले होते. भट्टीत लोखंड पुन्हा वितळवले आणि काही वेळ रसाच्या अवस्थेत राखले तर ताकद वाढते, हे त्यांच्या चाचण्यांतून पुढे आले. पण पट्टी ही पट्टी असते. ती लहान असल्याने तिच्यात अंतर्गत ओढ जवळपास नसतेच. तिच्यावरून लोखंडाची जात कळेल, त्या लोखंडाच्या सात टनांच्या तोफेत काय घडले ते कळणार नाही. उलट, दाट आणि मजबूत लोखंड आकसतेही जास्त. म्हणजे पट्टी उत्तम आली म्हणून ओतकाम तसेच ठेवले तर तोफेच्या पोटातली ओढ वाढूही शकते. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्याजोगी जागा हीच आहे. मोजमाप अचूक होते, पण ज्या वस्तूचे व्हायला हवे होते तिचे झालेले नव्हते.

रॉडमन यांचा उलटा क्रम

उपाय सांगायला सोपा आहे: क्रम उलटा करा. नळीलगतचा धातू आधी घट्ट होऊ द्या आणि बाहेरचा शेवटी. मग प्रत्येक बाहेरचा थर निवताना आतल्या थरावर आवळला जाईल. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली धाव चढवतो आणि ती निवली की चाकाचे सगळे सांधे आवळून धरते, तसा तोफेचा प्रत्येक थर आतल्या थराची धाव होतो. शेवटी नळीलगतचा धातू दबलेला राहतो, बाहेरचा किंचित ओढलेला. बार झाला की दाबाचा पहिला हिस्सा आतली दाबणूक सोडवण्यात जातो, आणि बाहेरचा धातू सुरुवातीपासून भार उचलतो. ओतीव लोखंड ओढीत कच्चे आणि दाबात त्याच्या कितीतरी पट पक्के असते. त्याला दाबून ठेवणे म्हणजे त्याच्या स्वभावाप्रमाणे वागवणे.

प्रत्यक्षात करायला हे मुळीच सोपे नव्हते. साचा लोखंडी पेट्यांत वाळू आणि चिकणमाती ठोकून केलेला, खड्ड्यात उभा. मधोमध गाभा म्हणून लोखंडाची पोकळ नळी. तिच्या बाहेरच्या अंगावर उभे खाच होते, वरून अंबाडीची दोरी गुंडाळलेली आणि दोरीवर साच्याची माती लिंपलेली. प्रत्येक गोष्टीला कारण आहे. रसाच्या धगीने दोरी जळते, तिचा वायू खाचांतून वर निघून जातो, धातूत शिरत नाही. दोरी जळून गेली की गाभ्याभोवती थोडी मोकळीक होते. धातू गाभ्यावर आकसून त्याला पकडून बसत नाही आणि गाभा ओढून काढता येतो. गाभ्याच्या नळीत आणखी एक बारीक नळी थेट तळापर्यंत गेलेली. तिच्यातून थंड पाणी खाली उतरायचे, दोन नळ्यांच्या मधल्या जागेतून तापत वर चढायचे आणि बाहेर पडायचे. बाहेर पडणाऱ्या पाण्याची उष्णता पाहून आत किती निवले याचा अंदाज बांधता येई. काही तासांनी गाभा काढून घ्यायचा आणि नळीत थेट पाणी किंवा हवा खेळवायची.

नुसते आतून थंड करून भागत नाही. बाहेरून उष्णता सुटत राहिली तर दोन्हीकडून निवून मधला थर शेवटी राहील आणि ओढ भिंतीच्या पोटात जाऊन बसेल. म्हणून साच्याच्या पेटीभोवती खड्ड्यात आग पेटवून बाहेरची बाजू तापलेली ठेवायची. आत पाणी, बाहेर विस्तव, मध्ये काही टन रस. पाण्याच्या नळीला बारीक भेग जरी गेली आणि पाणी रसाला लागले, तर वाफेच्या स्फोटाने खड्डा उडेल. ओतशाळेतल्या माणसांनी हे काम अंगावर घेतले याचे मोल कागदावरच्या कल्पनेपेक्षा कमी धरू नये.

आणखी एक बारकावा. रस साच्यात वरून न सोडता बाजूच्या वाटांनी तिरका आत घेत, म्हणजे तो साच्यात गोल फिरत वर चढे आणि मळी बाहेरच्या भिंतीला न चिकटता मध्याकडे राही. भरीव तोफेत हे सोयीचेच, कारण मधला भाग कोरून जायचाच असतो. पोकळ ओतकामात मध्यावर गाभा असतो आणि त्याला लागूनच नळीचा पृष्ठभाग. तिथे मळी बसली तर सगळ्यात जपायच्या जागीच खोट राहणार. म्हणून गाभा नळीच्या ठरलेल्या व्यासापेक्षा बारीक घेऊन उरलेला थर कोरून काढणे भागच होते. मारित्झ यांचे कोरण्याचे यंत्र इथेही कामावर राहिले.

खात्याचा नकार, ओतशाळेचा होकार

रॉडमन यांनी कल्पना शस्त्रास्त्र विभागापुढे मांडली. विभागाने ती उचलली नाही. शेवटी पिट्सबर्गच्या नॅप आणि टॉटन यांच्या फोर्ट पिट ओतशाळेने खर्च आणि धोका पत्करला, आणि १८४७ साली रॉडमन यांनी पेटंट घेतले. सरकारी अधिकाऱ्याच्या नावावर पेटंट, खासगी ओतशाळेशी करार आणि गिऱ्हाईक तेच सरकार, या जुळणीवर बोट ठेवणे अगदी रास्त आहे.

पण याच संशयामुळे जोडीच्या चाचणीला वजन येते. ओतशाळेने नुसती नव्या रीतीची तोफ ओतून ‘इतके बार टिकली’ असे सांगितले असते, तर लोखंड खास निवडले, दारू कमी घातली, अशा शंका घेता आल्या असत्या. त्याच रसाची जुन्या रीतीची तोफ शेजारी उभी केल्यावर यांतल्या बहुतेक शंका गळतात.

१८४९च्या जोडीनंतर १८५१ साली आणखी दोन जोड्या झाल्या. आठ इंची जोडीत भरीव तोफ ७३व्या बाराला फुटली. पोकळ तोफेने १,५०० बार सोसले आणि तरी ती शाबूत होती. दहा इंची जोडीत भरीव तोफ २०व्या बाराला गेली, पोकळ तोफ २४९व्या बाराला.

हे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. भरीव तोफांची रांग ८५, ७३ आणि २० अशी आहे. आठ इंची तोफांत ८५ आणि ७३, म्हणजे जवळपास सारखे. व्यास दोन इंचांनी वाढताच २०. भरीव ओतलेली मोठी तोफ आकाराबरोबर कमकुवत होत जाते हा रॉडमन यांचा मूळ आक्षेप इथे दिसतो. बारा किंवा पंधरा इंचांवर या रीतीने काय हाती लागले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. पोकळ तोफांची रांग मात्र २५१, १,५०० आणि २४९ अशी आहे, म्हणजे आपापसांत फार विस्कळीत. पद्धत पूर्ण हातात आलेली नव्हती, पाणी किती, आग किती, गाभा कधी काढायचा, हे अजून बसायचे होते, असा याचा अर्थ मी लावतो. तीन जोड्यांवरून नेमका ‘किती पट’ हा आकडा काढणे चूक ठरेल. दिशा मात्र तिन्ही वेळा तीच आली, आणि सर्वांत कमी फरकही जवळजवळ तिपटीचा होता.

एक प्रामाणिक आक्षेप उरतो. ओतल्यावर काही वर्षे पडून राहिलेल्या भरीव तोफा ताज्या तोफांपेक्षा खूप जास्त बार सोसतात, असेही त्या काळच्या चाचण्यांत दिसले होते. धातूतली ओढ काळाबरोबर सैल होते असे त्याचे कारण दिले गेले. मग भरीव तोफा ओतून मुरत ठेवल्या तर? शांततेच्या काळात हे चालू शकले असते. पण मुरून ओढ फार तर नाहीशी होईल, नळीलगतची दाबणूक त्यातून मिळणार नाही. शिवाय भरीव ओतकामात मधल्या पोकळ्या नळीच्या कडेपर्यंत पसरलेल्या असल्या, तर त्या कितीही वर्षे ठेवून भरत नाहीत.

नवी पारख

पोकळ ओतकामाबरोबर तपासणीची एक साधी, देखणी रीत आली. तोफेच्या तोंडाकडचे जादा डोके कापून टाकायचेच असते. त्यातून एक कडे कापून घ्यायचे आणि ते यंत्रावर एका बाजूने, बाहेरून आत, चिरत न्यायचे. बाहेरचा धातू ओढलेला आणि आतला दबलेला असेल, तर चीर जसजशी खोल जाते तसतशी ती उघडू लागते. शेवटचा थोडासा भाग उरला की तो आपोआप तुटतो. किती फट पडली ते मोजले की तोफेत किती आवळणूक बसली ते कळते. तोफ जुन्या रीतीने, बाहेरून आत निवली असेल तर चीर मिटू पाहते. पट्टीने जे सांगता येत नव्हते ते हे कडे सांगत असे.

आवळणूक जास्त झाली तरी धोकाच. बाहेरचा थर आधीच इतका ओढलेला असेल, की बाराचा थोडा भारही त्याला पेलणार नाही, किंवा तोफ निवतानाच तडकेल. म्हणून ही फट किती असावी हे ठरवणे हे ओतशाळेच्या कसबाचे काम झाले.

रॉडमन यांनी याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही काम चालवले होते, दारूच्या. नळीतला खरा दाब मोजायला त्यांनी भिंतीत छिद्र पाडून दट्ट्या बसवला. दट्ट्याच्या टोकाची धार तांब्याच्या तुकड्यात किती रुतली त्यावरून दाब काढायचा. बारीक दारू एकदम जळून दाबाचा मोठा फटका देते, जाड दाण्यांची दारू सावकाश जळून गोळ्याला ढकलत नेते, हे यातून आकड्यांत आले. त्यावरून मोठ्या दाण्यांची ‘मॅमथ’ दारू आणि भोके पाडलेल्या वड्यांची दारू निघाली. वड्या जळताना भोके रुंदावतात, म्हणून जळता पृष्ठभाग लगेच घटत नाही. तोफ मजबूत करणे आणि तिच्यावरचा आघात सौम्य करणे, ही एकाच माणसाने हाती घेतलेली दोन कामे होती, आणि पुढच्या यशातले श्रेय दोन्ही कामांत वाटायला हवे. सगळे श्रेय पाण्याच्या नळीला देणारी वर्णने मला अपुरी वाटतात.

पुढे काय झाले

लष्कराने ही रीत स्वीकारली ती १८५९ साली, पहिल्या जोडीनंतर दहा वर्षांनी. उशीर झाला यात शंका नाही. त्यातला काही भाग समजण्यासारखा आहे: १८५१ची पोकळ दहा इंची तोफही अखेर फुटलीच होती, आणि किल्ल्यांवर घातलेली तोफ पन्नास वर्षे राहणार होती. पण तिसऱ्या जोडीनंतर भरीव दहा इंची तोफा ओतत राहण्याला मला बचाव दिसत नाही. वीस बारांना फुटलेली तोफ त्याच नमुन्याची होती.

डिसेंबर १८५९मध्ये फोर्ट पिटमध्ये पंधरा इंची पहिली तोफ ओतली गेली. सुमारे ४९,००० पौंडांची, म्हणजे बावीस टनांच्या वर. पुढे तिला लिंकन यांचे नाव मिळाले. ती आजही व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोमध्ये आहे. यादवी युद्धात किनाऱ्यावरच्या किल्ल्यांवर या जातीच्या तोफा चढल्या. नौदलाचे जॉन डालग्रेन आपल्या बाटलीच्या आकाराच्या नऊ आणि अकरा इंची तोफा भरीवच ओतवत. बाहेरून बराच जाड गोळा ओतायचा आणि मग कातून उतरवायचा, म्हणजे ओढ लागलेला बाहेरचा थरही निघून जातो, ही त्यांची रीत, आणि त्या आकारापर्यंत ती चांगली चालली. मॉनिटर जातीच्या (बुटक्या, चिलखती, फिरत्या बुरुजाच्या) जहाजांसाठी पंधरा इंची तोफा लागल्या तेव्हा मात्र नौदलालाही पोकळ ओतकामाकडेच यावे लागले. १७ जून १८६३ रोजी ‘वीहॉकेन’ने दक्षिणेच्या चिलखती ‘अटलांटा’वर मोजके पाच बार केले. पंधरा इंची गोळ्याने चिलखतामागचे लाकूड फोडले आणि अटलांटाने निशाण उतरवले.

रॉबर्ट पॅरट यांच्या रायफलदार (नळीत आतून मळसूत्री खाचा असलेल्या) तोफांची कथा शेजारी ठेवण्यासारखी आहे. ओतीव लोखंडाच्या नळीवर पिछाडीला घडीव लोखंडाचा जाड पट्टा, अशी त्यांची रचना. स्वस्त, लवकर होणारी. डिसेंबर १८६४मध्ये दक्षिणेच्या फोर्ट फिशर किल्ल्यावरच्या माऱ्यात उत्तरेच्या ताफ्यातल्या शंभर पौंडी पाच पॅरट तोफा फुटल्या आणि ४५ माणसे मेली किंवा जखमी झाली. रायफलच्या लांब, जड गोळ्यामागे दाब जास्त चढतो, नळीत अडकून फुटणारे गोळे वेगळे. पट्टा पिछाडीला आवळतो, त्याच्या पुढची नळी उघडीच राहते. तुलनेत रॉडमन यांची आवळणूक तोफेच्या अंगभर, तोंडापर्यंत होती.

११ फेब्रुवारी १८६४ रोजी फोर्ट पिटने वीस इंची तोफ ओतली. तयार तोफेचे वजन १,१६,००० पौंडांहून जास्त, बावन्न टनांच्या वर. गोळा हजार पौंडांपेक्षा जड. न्यूयॉर्कच्या बंदरावर फोर्ट हॅमिल्टनमध्ये ती बसवली आणि मोजकेच बार झाले. एवढ्या मोठ्या ओतकामात क्रमाने निववणे साधते हे तिने दाखवले, पण तोवर युद्धनौकांची चिलखते गुळगुळीत नळीच्या गोल गोळ्याच्या आवाक्याबाहेर चालली होती. दहा इंची रॉडमन तोफांत पुढे घडीव लोखंडाची रायफलदार नळी बसवून त्या आठ इंची करून घेतल्या गेल्या. इंग्लंडमध्ये आर्मस्ट्राँग १८५०च्या दशकापासून कड्यांवर कडी तापवून चढवत होते आणि जर्मनीत क्रुप पोलादाकडे वळले होते. त्यांच्या तोफांत आतली नळी बाहेरच्या कड्यांनी दाबलेली असे. विसाव्या शतकात एकाच पोलादी नळीला आतून प्रचंड दाब देऊन आतला थर कायमचा फाकवायची रीत आली. दाब काढला की बाहेरचा धातू आतल्यावर आवळून बसतो, आणि अशा नळीचे कडे कापून चिरले तर चीर उघडते.